युनिक्लो एका दुकानातून अडीच हजारांवर कशी गेली, आणि तिसरं दुकान काढण्याआधी काय मोजावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी वडिलांचं एक आणि तुम्ही काढलेलं दुसरं, अशी तयार कपड्यांची दोन दुकानं आहेत. टी-शर्ट, जीन्स, ट्रॅक पँट, कुर्ती असा रोजच्या वापराचा माल. जिल्ह्याच्या गावी झुडिओ हे स्वस्त कपड्यांचं साखळी दुकान आल्यापासून कॉलेजची मुलं तिकडे वळली, म्हणून वर्षभरात आणखी चार दुकानं काढायचा विचार आहे. युनिक्लो ही जपानची कपड्यांची साखळीही अशीच वडिलांच्या दुकानातून मोठी झाली असं तुम्ही ऐकलंत. ती नेमकी कशी वाढली आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल, हे तुम्हाला हवं आहे.

मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. आधी खरेदीत होतो, नंतर नवी दुकानं उघडण्याच्या कामात. चार दुकानांचं ऐकून मला थोडी काळजी वाटली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

युनिक्लोची गोष्ट बहुतेक लोक १९९८ च्या फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार कापड) जॅकेटपासून सांगतात. तुमच्या उपयोगाचा भाग त्याआधीचा आहे. हितोशी यानाई यांनी १९४९ साली जपानच्या यामागुची प्रांतातल्या उबे गावात पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं. उबे म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव. दुकान सुटांचं. त्याच वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा तादाशी वासेदा विद्यापीठातून १९७१ साली बाहेर पडला, एका मोठ्या किरकोळ विक्रीच्या कंपनीत जेमतेम वर्षभर राहिला आणि १९७२ मध्ये घरच्या दुकानात आला. आल्या आल्या त्याने कामाच्या पद्धती बदलायला घेतल्या. जुनी माणसं चिडली आणि एक सोडून बाकी सगळी निघून गेली. वडिलांनी मात्र दुकानाचा शिक्का आणि बँकेचं पासबुक त्याच्या हातात ठेवलं.

पुढची बारा वर्षं बाहेरच्या कुणाला दिसावं असं काही घडलं नाही. झाडलोट, खरेदी, मांडणी, हिशेब, सगळं स्वतः करत तो धंदा शिकला. तुम्ही दुसरं दुकान काढून तीन वर्षं झाली, म्हणून या बारा वर्षांकडे मुद्दाम लक्ष वेधतो.

त्या काळात त्याला एक गोष्ट उमगली, जी मला आजही फार मोलाची वाटते. सूट विकायला माणूस लागतो. माप घ्यायचं, खांदा बसतो का बघायचं, बाही कमी करून द्यायची, गिऱ्हाईकाशी दोन गोष्टी बोलायच्या. चांगला विक्रेता गेला की धंदा गेला. टी-शर्टाचं तसं नाही. गिऱ्हाईक स्वतः उचलतं, अंगाला लावून बघतं आणि पैसे देतं. पुरुष-बाई, लहान-मोठं, सगळ्यांना तो लागतो आणि वर्षभर लागतो. म्हणजे रोजच्या कपड्यांचं दुकान मालक समोर नसतानाही चालू शकतं. साखळी होण्याची पहिली अट हीच.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांची सहकारी दुकानं असतात, तिथे विक्रेता मागे मागे फिरत नाही. हे बघून आल्यावर २ जून १९८४ रोजी हिरोशिमात ‘युनिक क्लोदिंग वेअरहाउस’ उघडलं. सकाळी सहाला! शाळा-कॉलेजच्या मुलांना जाता जाता शिरता यावं म्हणून ही वेळ. बहुतेक माल १००० आणि १९०० येनचा. रांगेत उभ्या राहिलेल्यांना पाव आणि दूध वाटलं. गर्दी आवरेना. (युनिक्लो हे नाव त्याच लांबलचक नावाचं आखूड रूप. १९८८ मध्ये हाँगकाँगला नोंदणी करताना ‘सी’ च्या जागी ‘क्यू’ पडला आणि यानाई यांना तो दिसायला बरा वाटला म्हणून राहिला.)

पहिल्याच दुकानाला अशी गर्दी लोटली की कुणाच्याही डोक्यात लगेच शहरात दहा दुकानं काढायचं येईल. त्यांनी दुसरा प्रयोग वेगळा करून पाहिला. १९८५ मध्ये शिमोनोसेकीला गावाबाहेरच्या रस्त्यालगत, गाड्या लावायला जागा असलेलं दुकान काढलं. भाडं कमी, जागा मोठी. तिथे आलेलं गिऱ्हाईक बघून आपला अंदाज चुकल्याचं त्यांना कळलं. हिरोशिमात तरुण मुलं येत होती, इथे आई-वडील, आजी, पोरंबाळं असं अख्खं घर गाडीतून उतरत होतं. तेव्हापासून ‘तरुणांचं दुकान’ ही कल्पना मागे पडली आणि सगळ्या वयांना चालणारा साधा माल पुढे आला. पुढच्या दहा वर्षांतली बहुतेक दुकानं याच साच्याची निघाली. एकसारखी इमारत, तोच आराखडा, तीच मांडणी.

साचा हा शब्द मी विचार करून वापरतोय. आपल्याकडे दुसरं दुकान पहिल्यापेक्षा वेगळं असतं, तिसरं त्याहून वेगळं. एक पेठेत अरुंद आणि खोल, दुसरं एसटी स्टँडसमोर रुंद आणि उथळ. रॅक वेगळे, माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. मग प्रत्येक दुकान म्हणजे नवा धंदा होतो आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमची दोन दुकानं एकमेकांसारखी आहेत का, हे मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही. आधी ते बघा.

आता मालाकडे येतो. माझ्या मते खरा फरक इथेच पडला.

सुरुवातीला युनिक्लो इतरांकडून घेतलेला मालच विकत होती, तुम्ही गांधीनगरहून किंवा उल्हासनगरहून आणता तसाच. स्वस्त माल आणि दर्जाची खात्री नाही. याच सुमारास यानाई हाँगकाँगला जिओर्डानो या कपड्यांच्या साखळीच्या जिमी लाय यांना भेटले. हा माणूस स्वतःच कपडा ठरवतो, स्वतः कारखान्याकडून शिवून घेतो आणि स्वतःच्या दुकानात विकतो, हे त्यांनी बघितलं. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या साखळीने हेच केलं होतं. या पद्धतीला ‘एसपीए’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या नावाचा माल करवून घेऊन स्वतःच विकणारा दुकानदार. मधला दलाल गेला की भाव उतरतो, एवढाच अर्थ लोक यातून काढतात. तो अपुरा आहे.

आपल्याकडे काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. होलसेलवाला म्हणतो, घेऊन जा शेठ, नाही गेला तर बदलून देतो. दुकानदाराला बरं वाटतं, जोखीम नाही. पण ती जोखीम फुकट जात नाही. परत आलेल्या मालाचं नुकसान होलसेलवाला पुढच्या गठ्ठ्याच्या भावात आधीच धरून ठेवतो. शिवाय माल परत जाणार असेल तर काय भरावं याचा विचार दुकानदार नीट करत नाही. जे दाखवलं ते घेतो. जपानच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही हीच रीत होती. न खपलेला माल पुरवठादाराकडे परत आणि गिऱ्हाईकाला त्याचा भुर्दंड.

युनिक्लोने हे उलटं केलं. कारखान्याला मोठी ऑर्डर द्यायची, सगळा माल घ्यायचा, एकही नग परत करायचा नाही. मग कारखानदार मनापासून भाव देतो, कारण त्याचं मशीन कधी चालणार आणि पैसे कधी येणार हे त्याला कळतं. पण त्यामुळे न खपलेला माल स्वतःच्या गळ्यात येतो. तो येऊ नये म्हणून प्रकार कमी ठेवावे लागतात, साधे ठेवावे लागतात, दर आठवड्याला विक्री बघावी लागते आणि जे हलत नाही त्याचा भाव तिथल्या तिथे उतरवावा लागतो. युनिक्लोची सगळी शिस्त या एका निर्णयातून आली असं मला वाटतं. दुकानांची संख्या हे त्याचं फळ.

जरा हिशेब करून दाखवतो. समजा तुम्ही टी-शर्टाचे वीस डिझाइन ठेवता, प्रत्येकी तीन रंग, पाच साइज. झाले तीनशे वेगळे नग. दोन दुकानांत प्रत्येकाचे दोन दोन पीस ठेवले तरी बाराशे पीस. सहा दुकानं केलीत तर छत्तीसशे. आणि एवढं करूनही शनिवारी आलेल्या मुलाला हव्या त्या रंगात ‘एल’ मिळत नाही, कारण दोनच होते आणि ते शुक्रवारी गेले. राहिलेले ‘एस’ आणि ‘डबल एक्सएल’ दिवाळीपर्यंत रॅकवर. आता डिझाइन चारच ठेवा आणि रंग आठ. नग होतात एकशे साठ. तेवढ्याच बाराशे पिसांत प्रत्येकाच्या वाट्याला दुकानामागे जवळपास चार पीस येतात. त्यातही ‘एम’ आणि ‘एल’ जास्त भरलेत तर साइज तुटत नाही. गिऱ्हाईकाला दुकान मात्र भरलेलं दिसतं, कारण डोळ्याला आधी रंग दिसतो.

फ्लीसमध्ये हेच झालं. १९९८ च्या हिवाळ्यात १९०० येनचं जॅकेट, बऱ्याच रंगांत. त्याच नोव्हेंबरात टोकियोच्या हाराजुकू भागात दुकान उघडलं आणि आत फ्लीसला मोठी जागा दिली. त्या हंगामात २० लाख जॅकेटं गेली, पुढच्या वर्षी ८५ लाख, आणि २००० च्या हंगामात ५१ रंग करून २ कोटी ६० लाख. जपानची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटींच्या आत होती, म्हणजे दर पाच माणसांमागे एक जॅकेट! तोवर फ्लीस म्हणजे डोंगर चढणाऱ्यांचा महागडा कपडा होता.

पण त्या यशाआधी तीन वर्षं एक वेगळं काम झालं होतं, आणि ते मी प्रत्येक दुकानदाराला सांगतो. १९९५ मध्ये कंपनीने जाहिरात दिली की युनिक्लोला नावं ठेवा, चांगल्या तक्रारीला १० लाख येन बक्षीस. दहा हजारांच्या आसपास पत्रं आली. एका धुण्यात टी-शर्टाचा गळा ढिला पडतो, शिवण उसवते, असली पत्रं. त्यानंतर दर्जा आणि कारखान्यांवरची देखरेख हे मालकाच्या रोजच्या कामाचा भाग झालं. १९९८ पासून त्यांनी कारखान्यांची संख्या घटवली आणि उरलेल्यांना जास्त काम दिलं. १९९९ मध्ये शांघायला देखरेखीचं कार्यालय उघडलं. २००० पासून सूत, रंगाई, शिलाई यांत आयुष्य घालवलेले जपानी कारागीर चिनी कारखान्यांत जाऊन शिकवू लागले. त्यांना ‘ताकुमी’ म्हणतात, आपण वस्ताद म्हणू. मला या साऱ्या कहाणीत हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. इचलकरंजीत, सोलापुरात असे वस्ताद आहेत, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी विचारत नाही.

आता आकडे. ऑगस्ट १९९८ ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री ८,३१० कोटी येन होती. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, ४१,८५० कोटी. पाचपट. आणि त्यानंतर दोन वर्षांत ती ३०,९७० कोटींवर घसरली. पावपेक्षा जास्त विक्री गेली! ज्या त्या माणसाच्या अंगावर तेच फ्लीस दिसायला लागलं तसे लोक कंटाळले. एका मालावर उभा राहिलेला फुगवटा होता तो. त्या तीन वर्षांत दुकानं वाढली होती, माणसं घेतली होती, गोदामं भरली होती.

याच काळात आणखी दोन ठेचा लागल्या. सप्टेंबर २००१ मध्ये लंडन परिसरात एकदम चार दुकानं उघडली आणि तीन वर्षांत पन्नास करायची ठरवली. एकवीसपर्यंत गेली, आणि २००३ मध्ये सोळा बंद करून पाचच ठेवावी लागली. तिथल्या किरकोळ धंद्यातली अनुभवी मंडळी वर बसवली होती. त्यांनी तिथल्या रीतीने कारभार चालवला, आणि दुकानात माल तोच असला तरी युनिक्लोची कामाची पद्धत पोचली नाही. दुसरी ठेच भाजीपाल्याची. २००२ मध्ये त्यांनी फळं-भाज्या विकायचा धंदा सुरू केला, दोन वर्षांच्या आत गुंडाळला. शेतातला टोमॅटो ऑर्डर देऊन हव्या त्या आठवड्यात पिकत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या मॉलमध्ये तीन दुकानं काढली, तीही चालली नाहीत. तिथे नाव कुणाला माहीतच नव्हतं. साठलेला माल काढायला न्यूयॉर्क शहरात तात्पुरती जागा घेतली तर तिथे तो खपला. त्यातून सुचलं, की अनोळखी देशात गावाबाहेरच्या मॉलपासून सुरुवात करण्याऐवजी शहराच्या मध्यावर एक मोठं, डोळ्यांत भरणारं दुकान काढावं. नोव्हेंबर २००६ मध्ये सोहो भागातलं सुमारे ३६ हजार चौरस फुटांचं दुकान उघडलं. पुढे प्रत्येक देशात हीच रीत झाली. दिल्लीच्या वसंत कुंजात ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिलं भारतीय दुकान आलं तेही असंच तीन मजली, आणि मुंबईत कुर्ल्याच्या फिनिक्स मार्केटसिटीत यायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. चार वर्षं! मुंबईत, जिथे गिऱ्हाईक वाट बघत होतं, तिथे यायला त्यांनी घाई केली नाही.

बाकीचं पुढचं तुम्हाला थोडक्यात पुरे. तोराय या जपानी धागे बनवणाऱ्या कंपनीबरोबर मिळून २००३ पासून हीटटेक हे गरम राहणारं पातळ कापड आणलं, २००६ मध्ये दोघांचा दीर्घ करार झाला. फॅशनच्या मागे धावण्याऐवजी कापडच नवं करायचं, अशी ती वाट होती. २०१८ पर्यंत जपानबाहेरची विक्री जपानातल्या विक्रीच्या पुढे गेली. २०२४ च्या आर्थिक वर्षात फास्ट रिटेलिंग या मूळ कंपनीची विक्री पहिल्यांदा तीन लाख कोटी येनच्या पुढे गेली, आणि युनिक्लोची दुकानं जगभर अडीच हजारांच्या घरात आहेत.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. न परत करता मोठी ऑर्डर देणं कारखान्याच्या भल्याचं असतं, पण गिऱ्हाईक इतकं मोठं झालं की ते भाव आणि तारीख दोन्ही दाबूही शकतं. त्याचा भार शेवटी शिलाई करणाऱ्या बाईच्या रात्रपाळीवर येतो. २०१७ मध्ये युनिक्लोने आपल्या मुख्य शिलाई कारखान्यांची यादी जाहीर केली, ती जगभरातून दबाव आल्यावर. तुम्ही तिरुपूरला, म्हणजे तामिळनाडूतल्या टी-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांच्या गावी, ऑर्डर द्याल तेव्हा तारीख अशी द्या की माणसाला झोप मिळेल. मी तिथे दिवाळीआधीचे आठवडे बघितले आहेत.

तुम्हाला ज्याची धास्ती आहे त्या झुडिओबद्दल दोन शब्द. टाटांची ट्रेंट ही मुंबईची कंपनी, तिने २०१६ मध्ये झुडिओ सुरू केलं आणि मार्च २०२५ पर्यंत दुकानं साडेसातशेच्या वर गेली. बघितलंत तर सूत्र ओळखीचं वाटेल. सगळा माल स्वतःच्या नावाचा, भाव गोल आणि थोडेच, बहुतेक माल हजार रुपयांच्या आत, जाहिरात जवळपास नाही, ऑनलाइन विक्री नाही, दुकानांचा साचा ठरलेला. एक मोठा फरक आहे. युनिक्लो तोच टी-शर्ट वर्षानुवर्षं ठेवते, झुडिओत माल झटपट बदलत राहतो. त्या बदलत्या मालाच्या शर्यतीत तुम्ही उतरू नका. तेवढे डिझायनर, तेवढे कारखाने आणि तेवढी दुकानं असल्याशिवाय ते परवडत नाही. साधा, टिकणारा, सगळ्या साइजमध्ये कायम मिळणारा माल ही बाजू मात्र तालुक्याच्या गावात अजून बरीच मोकळी आहे. शाळेच्या मास्तरांना, बँकेतल्या माणसाला, शेतावर जाणाऱ्याला, घरात वावरणाऱ्या बाईला तोच रंग, तोच गळा, तोच कपडा पुढच्या वर्षीही हवा असतो. आणि चाळिशीपुढच्या बाईला नीट बसेल अशी कुर्ती मोठ्या साइजमध्ये कुठे मिळते, हे गावातल्या चार जणींना विचारा.

माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगतो, कारण ती तुमच्या बेताशी मिळतीजुळती आहे. मी ज्या साखळीत नवी दुकानं उघडायचं काम बघत होतो, तिथे एका वर्षी आम्ही ठरवल्यापेक्षा दुप्पट वेगाने दुकानं उघडली. जागा चांगल्या मिळत होत्या, मालक भाडं कमी करायला तयार होते, हातची जाऊ नये असं वाटलं. दुकानं उघडली, पण व्यवस्थापक तेवढे तयार नव्हते. जुन्या दुकानांतले हुशार लोक उचलून नव्यांत टाकले, आणि जुनी दुकानं ढासळली. माल तेवढाच होता, तो जास्त ठिकाणी विभागला गेला, आणि प्रत्येक ठिकाणी साइज तुटली. एका दुकानात ‘एम’ पडून, दुसऱ्यात ‘एम’ साठी माणसं परत जाताहेत. ट्रकने माल इकडून तिकडे फिरवण्यात आमचं वर्ष गेलं. पुढच्या दोन वर्षांत त्यातली निम्मी दुकानं बंद केली. सही केलेल्या कराराचं भाडं दुकान बंद झाल्यावरही भरत राहिलो. बंद दुकानाच्या पोरांना घरी पाठवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या भेटी मी विसरलेलो नाही.

युनिक्लोनेही १९९१ मध्ये वर्षाला तीस दुकानं काढायचं ठरवलं आणि १९९४ पर्यंत शंभराचा आकडा ओलांडला. म्हणजे वेग वाईट नसतो. पण त्या वेळी त्यांच्या हाताशी सहा-सात वर्षं चालवून तपासलेला साचा होता, आणि पैशाचा एक विशेष होता. गिऱ्हाईक रोख देतं आणि पुरवठादाराला काही महिन्यांनी द्यायचं, त्यामुळे दुकान उघडलं की हातात रोकड येते. ही सोय धोकादायकही आहे. ती रोकड तुमची नसते, पुढच्या तारखेला द्यायची असते. विक्री चढती आहे तोवर भास होतो की पैसा भरपूर आहे. तुमच्याकडे दिवाळी आणि लगनसराई संपल्यावर जे दिसतं तेच तुमचं. मालक लोक दिवाळीच्या गल्ल्यावर दुसऱ्या दुकानाचं डिपॉझिट भरतात आणि फेब्रुवारीत व्यापाऱ्यांचे फोन घ्यायचं टाळतात. असं मी किती घरांत बघितलं आहे.

आणखी एक गोष्ट १९९९ मधली. तोवर युनिक्लोच्या दुकानांना मुख्यालयाची नियमावली पाळायची असे. सगळं एकसारखं होतं, पण माणूस विचार करणं सोडून देत होता. मग त्यांनी अनुभवी दुकान-व्यवस्थापकांना ऑर्डरची, मांडणीची, माणसं नेमण्याची मोकळीक दिली आणि कमाई दुकानाच्या निकालाला जोडली. चांगला व्यवस्थापक मुख्यालयातल्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त कमवू शकेल अशी सोय केली. तुमच्याकडे काउंटरवर पाच वर्षं उभा असलेला मुलगा असेल. त्याला कधी खरेदीला बरोबर नेलंत का? कुठला माल का घेतला आणि का नाही, हे त्याच्यासमोर ठरवलंत का? तिसरं दुकान तो सांभाळणार आहे, तुम्ही नाही.

तर चार दुकानांचा बेत सध्या बाजूला ठेवा आणि पुढचे सहा महिने हे करा. दोन्ही दुकानांतला सहा महिन्यांपेक्षा जुना माल एका दिवशी बाहेर काढून मोजा, खरेदीच्या भावाने. तो एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त निघाला तर नव्या दुकानाचं नावही काढू नका, आधी तो अर्ध्या भावात का होईना पण विका. मग असे चार-पाच प्रकार निवडा जे वर्षभर कधीच संपू द्यायचे नाहीत. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट, ट्रॅक पँट, एक जीन्स, एक साधी कुर्ती. त्यांचं कापड स्वतः ठरवा, किती जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ते लिहून घ्या, पाच वेळा घरच्या मशीनमध्ये धुऊन गळा आणि लांबी मोजा. तिरुपूरला तुमच्यासारख्या दुकानदाराच्या छोट्या ऑर्डरी घेणारे आहेत. भाव थोडा जास्त पडेल, पण परतीची अट घालू नका, पैसे वेळेवर द्या, आणि दुसऱ्या ऑर्डरपासून तो तुमचं ऐकायला लागेल. शेजारच्या गावातले दोघं-तिघं दुकानदार मिळून एक लॉट घेतलात तर आणखी बरं.

त्याच सहा महिन्यांत दर सोमवारी एक कागद भरा. कुठला प्रकार, कुठला रंग, कुठली साइज किती गेली, आणि किती वेळा ‘नाही’ म्हणावं लागलं. हा शेवटचा रकाना कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही, तो काउंटरवरच्या मुलाकडूनच भरून घ्यावा लागतो. मग महिनाभर तुम्ही एका दुकानात पाऊल ठेवू नका. विक्री पडते का बघा. पडली तर साचा अजून तुमच्याच अंगात आहे, दुकानात उतरलेला नाही.

वडिलांशी हे कसं बोलायचं असंही तुम्ही विचारलंत. त्यांचा विरोध ‘परत न करता माल घ्यायचा’ याला असणार, कारण त्यांच्या पिढीने परतीच्या सोयीवर दुकान उभं केलं. त्यांना जुन्या मालाची मोजणी बरोबर बसून करायला सांगा. कुठल्या व्यापाऱ्याकडून कुठला गठ्ठा कधी आला होता, हे त्यांना कागद न बघता आठवेल, आणि कुठला व्यापारी पुढच्या खेपेला भाव चढवतो हेही तेच सांगतील. ही माहिती तुमच्याकडे नाही.

मोजणी झाली की जुन्या मालाचा आकडा, दोन्ही दुकानांचं भाडं आणि सोमवारचे पहिले आठ कागद मला पाठवा. तिसऱ्या जागेच्या करारावर सही त्यानंतर.